एक कळफलक, अनेक लिपी : सोलापूर जिल्हा आणि संगणकावरील मराठी

सोलापूर जिल्ह्याच्या कारभाराची भाषा मराठी असली, तरी या जिल्ह्याच्या घराघरांतून आणि बाजारपेठांतून ऐकू येणाऱ्या भाषा अनेक आहेत. गिरण्या व हातमाग यांच्या निमित्ताने सोलापूर शहरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला पद्मशाली समाज तेलुगू बोलतो. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील अनेक गावांत कन्नड ही मातृभाषा आहे. उर्दू बोलणारी वस्तीही मोठी आहे. त्यामुळे मराठीबरोबरच कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळा येथे चालतात, आणि एकाच पंचायत समितीच्या टपालात दोन-तीन लिप्यांतील कागद येणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

आता हा सारा कारभार संगणकावर आला आहे. अशा वेळी एक साधा वाटणारा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. आपण संगणकावर मराठीत जे लिहितो ते संगणकाच्या दृष्टीने खरोखरच मराठी असते काय? अनेक कार्यालयांच्या जुन्या दप्तराबाबत या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते.

दिसणारे अक्षर आणि साठविलेले अक्षर

संगणक अक्षरे ओळखत नाही; तो केवळ अंक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि यंत्राच्या स्मृतीत तो क्रमांकच साठविला जातो. पडद्यावर त्या क्रमांकाच्या जागी कोणते चित्र दाखवावयाचे, हे फॉन्ट ठरवितो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक फार पूर्वीच सर्वमान्य झाले होते. भारतीय लिप्यांचे तसे झाले नव्हते. तेव्हा छपाईच्या आणि टंकलेखनाच्या तातडीच्या गरजेपोटी एक युक्ती योजण्यात आली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवावयाचा, मात्र फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरीचे चित्र बसवावयाचे. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ या प्रसिद्ध फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो तेथे प्रत्यक्षात इंग्रजी ‘डी’ साठविलेला असतो.

ही युक्ती वाईट नव्हती. तिच्या बळावर अनेक वर्षे वर्तमानपत्रे निघाली, पाठ्यपुस्तके छापली गेली, शासकीय आदेश टंकलिखित झाले. कागदावर छापून घेणे एवढाच हेतू असेल, तर तिच्यात काही उणे नाही. परंतु प्रत्येक फॉन्टनिर्मात्याने चित्रांची जागा आपापल्या सोयीने ठरविली. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की त्याची निरर्थक खिचडी होते, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तर इंग्रजी अक्षरांची रांगोळी तेवढी दिसते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले, आणि त्यामुळे ठिकठिकाणी जुनी यंत्रे बदलण्याचा विचार सुरू झाला. जुने यंत्र गेले की त्यावरील जुना फॉन्टही जातो. ग्रामसभेचे वीस वर्षांचे इतिवृत्त नव्या यंत्रावर उतरविले, पण वाचता मात्र येत नाही, अशी स्थिती ओढवू नये म्हणून हा विषय आताच समजून घेतला पाहिजे.

एकविसावे स्थान

या अडचणीवर उपाय शोधण्याचे काम भारतात लवकर सुरू झाले होते. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ते पुढे नेले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा समान कळफलक प्रमाणित केला. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा अक्षरसंकेत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका सूत्रात गुंफू पाहणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीचा समावेश होता, आणि भारतीय लिप्यांची मांडणी ‘इस्की’च्याच धर्तीवर करण्यात आली होती.

ही मांडणी सोलापूरच्या वाचकांना विशेष रुचेल. युनिकोडमध्ये देवनागरी, तेलुगू आणि कन्नड या प्रत्येक लिपीला १२८ घरांचा एकेक तक्ता दिलेला आहे. शून्यापासून मोजू लागल्यास ‘क’ हे अक्षर तिन्ही तक्त्यांत एकविसाव्या स्थानी येते. त्यापुढे ख, ग, घ, ङ हा वर्णक्रमही तिन्ही ठिकाणी सारखाच आहे. अक्षरांची वळणे भिन्न, पण बैठक एक, ही भारतीय लिप्यांची एकात्मता वैयाकरणांना पूर्वीपासून ठाऊक होती. येथे ती अंकांत उतरली आहे.

कळफलकावरही हेच तत्त्व दिसते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ आहे. तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो. प्रणालीतील भाषा बदलून तेलुगू किंवा कन्नड केली, तर त्याच कळीवर त्या त्या लिपीतील ‘क’ आणि ‘ख’ येतात. म्हणजे मराठी इनस्क्रिप्ट शिकलेल्या लिपिकाच्या बोटांना कन्नडची बाराखडीही निम्मी-अधिक येऊन गेलेली असते. (कर्नाटकात ‘नुडी’ या प्रणालीचा वेगळा कळफलक रूढ आहे, सीमेपलीकडून आलेला मजकूर हाताळताना हे ध्यानात ठेवावे.) उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे चालणारी आणि वेगळ्या कुळातील असल्याने तिला मात्र हा नियम लागू पडत नाही.

टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या मंडळींना सुरुवातीस एकच गोष्ट जड जाते, ती ऱ्हस्व वेलांटी. यंत्रावर ती अक्षराच्या आधी उमटवावी लागे, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. म्हणून ‘पि’ लिहिताना प्रथम ‘प’ व नंतर वेलांटी द्यावयाची असते. सवय होण्यास थोडे दिवस लागतात, इतकेच. रोमन लिपीत टंकून मराठी उमटविण्याची पद्धत दूरध्वनीवर चार ओळी लिहिण्यास ठीक आहे. दिवसभर टिपण्या लिहिणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्टच शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात स्पेलिंगचा विचार करावा लागत नाही.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द

मराठीच्या काही गरजा हिंदीहून निराळ्या आहेत. ‘आचार्यांना निमंत्रण दिले’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण दिले’ या दोन वाक्यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, आणि ते केवळ रफार व अर्धा ऱ यांच्या भेदावर उभे आहे. शासकीय मराठीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकी ‘शेतकऱ्यांना’ हा एक आहे, आणि त्यात हेच अक्षर येते. इनस्क्रिप्टवर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबावी, नंतर हलन्त व नंतर ‘य’ द्यावा. हेच अक्षर साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही उमटविता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात.

‘ॲ’चीही तीच कथा. त्यासाठी स्वतंत्र क्रमांक युनिकोडने २००८ मध्ये दिला. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत असत, आणि आजही दोन्ही रीती चालू आहेत. परिणामी एखाद्या वकिलाचे नाव यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर खातेदाराचे नाव टाकून सातबारा शोधणाऱ्यास नाव हुबेहूब जुळण्याचे महत्त्व अनुभवाने ठाऊक असते. तेव्हा प्रत्येक कार्यालयाने एक रीत ठरवावी व तीच पाळावी. मराठी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणीकरण करणारा राज्य शासनाचा निर्णय २००९ मध्ये निघाला आहे; तो टंकलेखकाच्या मेजावर असावा.

अंकांविषयीही एक सूचना. पत्रव्यवहारात देवनागरी अंक शोभतात व ते वापरावेतही. परंतु हिशेबाच्या तक्त्यात बेरीज-वजाबाकी करावयाची असेल, तर देवनागरी अंकांना प्रणाली बहुधा आकडा न मानता मजकूर मानते आणि बेरीज चुकते. तक्त्यात आंतरराष्ट्रीय अंक ठेवावेत.

जुन्या दप्तराचे काय?

एखादी फाईल युनिकोडमध्ये आहे की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. मजकूर निवडून त्याचा फॉन्ट ‘मंगल’ करावा. रघुनाथ कृष्ण जोशी या अक्षररचनाकारांनी घडविलेला हा फॉन्ट विंडोज प्रणालीच्या बहुतेक यंत्रांवर मिळतो. अक्षरे मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. ती इंग्रजी झाली तर जुन्या फॉन्टमध्ये.

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत. मात्र कोणता फॉन्ट होता हे आधी नेमके ठाऊक असले पाहिजे. रूपांतर झाल्यावर संपूर्ण मजकूर वाचणे शक्य नसेल, तर निदान विशेषनामे, रकमा, गट क्रमांक, जोडाक्षरावरील वेलांटी आणि अर्धा ऱ एवढ्या गोष्टी मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. चुका प्रायः येथेच होतात. मूळ फाईल कधीही पुसून टाकू नये. लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, आजाराची माहिती असा मजकूर अनोळखी संकेतस्थळावर रूपांतरासाठी टाकणे सर्वथा टाळावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि तो नसता तरी गावकऱ्यांची माहिती ही गावकऱ्यांचीच ठेव आहे.

रूपांतराचे श्रम कशासाठी, असे कोणी विचारील. छापील कागद हाती असताना ते अनावश्यक वाटतात हे खरे. पण दृष्टिहीन शिक्षकाच्या बाजूने पाहिले की चित्र बदलते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी ‘एनव्हीडीए’सारखी साधने विनामूल्य मिळतात व मराठीही वाचतात. युनिकोडमधील परिपत्रक ती वाचून दाखवितात. जुन्या फॉन्टमधील परिपत्रकाच्या जागी त्या शिक्षकाला असंबद्ध इंग्रजी अक्षरे ऐकू येतात, आणि कागदाचे छायाचित्र काढून पाठविले असेल तर बहुधा काहीच ऐकू येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती सुगम स्वरूपात देण्याची अपेक्षा बाळगतो.

खर्चाची अडचण येथे फारशी नाही. इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो. तो केवळ सुरू करावा लागतो. लेखन व हिशेबासाठी ‘लिबरऑफिस’ हा मुक्त संच विनामूल्य असून त्याचे आदेशही मराठीत पाहता येतात.

बोलून लिहिण्याची सोयही आता झाली आहे. गूगल कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये आठ भारतीय भाषांसाठी ती खुली केली. त्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या सोलापूरच्या चारही भाषा होत्या, आणि अशा रीतीने उमटणारा मजकूर युनिकोडमध्येच असतो. ग्रामसभेतील चर्चेचा कच्चा मसुदा यातून झटपट तयार होतो. माणदेशी वळणाची किंवा कन्नडमिश्रित मराठी ऐकताना हे साधन अडखळते, आडनावे व वस्त्यांची नावे हमखास चुकविते. म्हणून ठराव, रकमा आणि सूचक-अनुमोदकांची नावे सभेच्या नोंदवहीवरून हातानेच टंकावीत.