प्रतिकृतींवरील रुपेरी व सोनेरी रंग आणि त्यांचे रक्षण

शाळेच्या कपाटावर ठेवलेली जहाजाची, पुलाची अथवा किल्ल्याची प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती मुलांच्या हातांनी साकारलेला एक पाठच होय. हा पाठ एकाच पावसाळ्यात काळवंडून गेला, तर मुलांच्या श्रमाचे मोल कमी होते आणि पुढील वर्षी नव्याने काही करण्याची त्यांची उमेदही खचते. म्हणून प्रतिकृती कशी करावी याबरोबरच ती कशी टिकवावी, याचाही विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

उरण तालुक्यातील द्रोणागिरीचा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. एका बाजूस द्रोणागिरीचा डोंगर व त्यावरील जुना किल्ला, पलीकडे करंजाचे मच्छीमार बंदर आणि जवळच न्हावा-शेवा येथे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर. येथील मुलांच्या डोळ्यांसमोर मालवाहू जहाजे, याऱ्या आणि लोखंडी कंटेनर नित्य असतात. साहजिकच विज्ञान प्रदर्शनासाठी अशाच वस्तूंच्या प्रतिकृती त्यांना सुचतात. वीस फुटी कंटेनरची लांबी सुमारे ६.०६ मीटर, रुंदी २.४४ मीटर व उंची २.५९ मीटर असते. १:५० या प्रमाणात तो सुमारे १२ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद व तितकाच उंच होतो. गणिताचा पाठ येथेच साधतो. परंतु त्यावर रुपेरी रंग दिला की नवा प्रश्न उभा राहतो. खारी हवा, पावसाळ्यातील दमटपणा आणि मुलांच्या हातांचा घाम यांपासून तो रंग वाचवायचा कसा?

प्रथम या रंगांचे स्वरूप समजून घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या साध्या रुपेरी रंगात चांदी नसते. त्यात ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ, सूक्ष्म पापुद्रे तेलात किंवा राळेत कालवलेले असतात. रंग वाळताना काही प्रकारांत हे पापुद्रे पृष्ठभागावर तरंगत येतात व माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर पसरतात. चमक येते ती त्यामुळेच. सोनेरी रंगात बहुधा तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची, म्हणजे पितळेच्या जातीची भुकटी असते. दमट हवेत व आम्लाच्या संपर्कात तांबे काळवंडते किंवा हिरवट पडते. देवघरातील तांब्याची भांडी चिंचेने घासणाऱ्या घरातील मुलांना हा अनुभव नवा नाही.

यावर उपाय म्हणून पारदर्शक लेप दिला जातो. मात्र येथेच सावधगिरी हवी. लेपातील द्रावक खालच्या रंगास मऊ करतो. कुंचला फिरला की वर आलेले पापुद्रे विसकटतात आणि आरशासारखी चमक राखाडी होते. म्हणून अगोदर परीक्षा करावी. वाळलेल्या रंगावर स्वच्छ पांढरे फडके हलके घासावे. फडक्यास रुपेरी डाग लागला, तर पापुद्रे वरच्यावर आहेत असे समजावे. अशी प्रतिकृती काचेच्या कपाटात राहणार असेल, तर लेप न देणेच श्रेयस्कर. ती मुलांच्या हाताळणीत राहणार असेल, तर थोडी चमक गमावूनही लेप द्यावा.

लेपाचे तीन प्रकार शाळेस सहज उपलब्ध होतात.

पहिला, लाखेचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते. १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १२ ते १५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवून सकाळी फडक्यातून गाळावा. ही आपल्या देशाची जुनी विद्या आहे. सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते व लाकडी खेळणी लाखकामासाठी प्रसिद्ध आहेत. लाखेवर शास्त्रीय संशोधन करण्यासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे संस्था स्थापन झाली. लाखेची छटा पिवळसर असल्याने ती सोनेरी रंगावर खुलते, रुपेरीवर मात्र तितकी शोभत नाही. पाणी लागल्यास हा लेप पांढुरका पडतो.

दुसरा, तेलाचे वॉर्निश. ते चिवट असते. परंतु कालांतराने पिवळे पडते, आणि त्यातील आम्लांश सोनेरी भुकटीस हिरवट करू शकतो.

तिसरा, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉर्निश. बाटलीत ते दुधासारखे दिसते, पण वाळल्यावर स्वच्छ होते. तेलरंग पूर्ण वाळल्यावर त्यास ते विरघळवीत नाही. रुपेरी रंगासाठी हेच बहुधा सोयीचे. उघड्या लोखंडावर मात्र ते थेट लावू नये. आधी गंजरोधक अस्तर द्यावे.

थिनर असलेला लेप थर्मोकोलच्या प्रतिकृतीवर कदापि लावू नये. थिनरने थर्मोकोल विरघळतो आणि महिन्याची मेहनत काही क्षणांत खचते.

लेप देण्याची रीत अशी: तेलरंग किमान आठवडाभर वाळू द्यावा. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी. पावसाच्या किंवा कुंद हवेच्या दिवशी काम करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते व लेप धुरकटतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर द्यावेत. कुंचला एकाच दिशेने एकदाच फिरवावा, पुन्हा मागे नेऊ नये. अतिशय चकचकीत लेपही टाळावा. दूरवरचे खरे जहाज काचेसारखे लकाकत नाही, म्हणून लहान प्रतिकृतीस मंद चमकच अधिक खरी दिसते. स्पिरिट व थिनर ज्वालाग्राही असून त्यांची वाफ अपायकारक असते. हे काम शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या ओट्यावर, चुलीपासून व दिव्यापासून दूर करावे. मुलांच्या हाती केवळ पाण्याचे वॉर्निश द्यावे.

या विषयाचा उत्तम पाठ पावसाळ्यातच घेता येतो. जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांवर सोनेरी रंग द्यावा. एक तशीच ठेवावी. उरलेल्या तीन पट्ट्यांवर एकेक लेप द्यावा. जून ते सप्टेंबर त्या पडवीत, प्रत्यक्ष पाऊस लागणार नाही अशा जागी टांगाव्यात. दर शनिवारी मुलांनी रंगातील बदल तारखेसह वहीत टिपावा. कोणत्या शाळेत कोणता लेप टिकला याच्या नोंदी केंद्राच्या मासिक बैठकीत ताडून पाहिल्यास सादिल खर्चातून कोणती वस्तू घ्यावी, हे अनुमानाने न ठरता अनुभवाने ठरेल.

प्रतिकृतीची नोंद जडसंग्रह वहीत होते. परंतु ती करणाऱ्या मुलाचे नाव व वर्ष प्रतिकृतीच्या तळाशी लिहून, त्यावरही लेपाचा एक थर द्यावा. धाकटी भावंडे त्याच वर्गात येतील, तेव्हा ते नाव त्यांना वाचता आले पाहिजे.