घरगुती शिवणकामातील कागदी नमुने : एका अदृश्य भांडवलाची जपणूक

घरगुती उद्योगांचा विचार करताना शिवणयंत्राचा उल्लेख हमखास केला जातो. ते डोळ्यांना दिसते, त्याची किंमत सांगता येते, त्यावर कर्ज मिळते आणि शासकीय योजनांतून त्याचे वाटपही होते. परंतु शिवणाऱ्या स्त्रीजवळ आणखी एक साधन असते. खाकी कागदावर वा जुन्या वर्तमानपत्रावर बेतलेले, बाही-गळा-मुंढ्याच्या आकारांचे कागदी नमुने कपाटावर गुंडाळून ठेवलेले असतात. कोणत्याही मालमत्तेच्या यादीत त्यांची नोंद होत नाही. प्रस्तुत लेखात चेन्नई महानगरातील घरगुती शिवणकामाच्या संदर्भात या नमुन्यांचे अर्थशास्त्रीय स्वरूप, त्यांची मांडणी व जपणूक आणि त्यांच्याशी निगडित धोरणात्मक प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

नमुना म्हणजे काय?

शरीर त्रिमितीय असते आणि कापड सपाट असते. एकाचे माप दुसऱ्यावर उतरविण्याचे ज्ञान ज्या कागदावर साठविले जाते तो नमुना होय. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस आणले आणि शिंप्याच्या हातातील कसब बाजारात सुटे विकत मिळू लागले. भारतात मात्र तयार नमुन्यांची बाजारपेठ फारशी रुजली नाही. येथे नमुन्याऐवजी नमुना तयार करण्याची रीत शिकविली गेली. महाराष्ट्रातील वाचकांना झारापकर यांची कटिंगची पद्धत परिचित आहे. छातीच्या मापावरून मुंढा, खांदा व गळा यांची मापे गणिताने काढावयाची आणि कागदावर आकृती रेखाटावयाची, हा शिवणवर्गांतील पाठ अनेक पिढ्यांनी गिरविला आहे.

चेन्नईत याहून निराळी अशी एक प्रथा सर्रास आढळते. तेथे बोलीभाषेत ब्लाउजला 'जाकेट' म्हणतात आणि गिऱ्हाईक नव्या कापडाबरोबर नीट बसणारे जुने जाकेट मापासाठी आणून देते. त्यास 'अळवु जाकेट', म्हणजे मापाचे जाकेट, म्हटले जाते. आपल्याकडेही मापाचा ब्लाउज देण्याची पद्धत आहेच. अशा व्यवहारात नमुना गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. काम संपले की तो परत जातो आणि शिवणारीकडे काहीही उरत नाही. त्या जाकेटावरून एकदा कागद कापून ठेवणारी स्त्री आणि प्रत्येक वेळी नव्याने माप घेणारी स्त्री यांच्या उत्पादकतेतील अंतर येथूनच सुरू होते.

राष्ट्रीय उत्पन्नात स्थान

परीक्षार्थींच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा प्रणालीनुसार कुटुंबाने स्वतःच्या उपभोगासाठी केलेले वस्तूंचे उत्पादन उत्पादनाच्या सीमेत येते. स्वतःसाठी केलेल्या घरगुती सेवा मात्र त्या सीमेबाहेर राहतात. म्हणून आईने मुलीसाठी झगा शिवला तर ते तत्त्वतः उत्पादन ठरते. तोच झगा तिने धुऊन इस्त्री केला तर ते ठरत नाही.

आता राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाकडे पाहावे. त्यातील क्रियाशीलतेच्या संकेतांकांमध्ये ९२ हा केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. घरकामाबरोबरच सरपण-चारा गोळा करणे, घरच्यासाठी शिवणे, विणणे इत्यादी करणाऱ्यांसाठी ९३ हा संकेतांक आहे. हे दोन्ही गट श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. याचा अर्थ असा की घरच्यासाठी केलेले शिवणकाम एका चौकटीत उत्पादन असूनही ते करणारी स्त्री दुसऱ्या चौकटीत कामगार ठरत नाही. स्त्रियांच्या श्रमसहभागाच्या दरावर प्रश्न आल्यास ही विसंगती उत्तरात अवश्य मांडावी.

याच प्रणालीच्या २००८ च्या आवृत्तीने संगणक आज्ञावली, माहितीसंच, संशोधन व विकास यांना बौद्धिक संपदा उत्पादने म्हणून स्थिर भांडवलात स्थान दिले आहे. वारंवार वापरता येणारे आणि एकदा श्रम खर्चून तयार केलेले ज्ञान हे भांडवल होय, हा त्यामागील तर्क आहे. शेजारच्या चाळीस घरांतील स्त्रियांची मापे व नमुने जपणाऱ्या शिवणारीचा गठ्ठा या तर्काला पूर्णपणे उतरतो. तरीही राष्ट्रीय लेख्यांत त्याची वेगळी नोंद होणे संभवत नाही. व्यवहारात ते योग्यही आहे, कारण मोजण्याचा खर्च मोजलेल्या मूल्याहून अधिक होईल.

नमुन्याचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, अस्तराच्या ब्लाउजचा संपूर्ण नमुना बेतण्यास ९० मिनिटे लागतात आणि तो ३० वेळा वापरला जातो. प्रत्येक ब्लाउजच्या वाट्याला त्याचा स्थिर खर्च ३ मिनिटे येतो. नमुना कापडावर ठेवून खडूने आखण्यास ४ मिनिटे धरली तर एकूण ७ मिनिटे होतात. नमुन्याशिवाय थेट कापडावर आखणी करण्यास प्रत्येक वेळी १५ मिनिटे लागतात असे मानल्यास दर ब्लाउजमागे ८ मिनिटांची, म्हणजे ३० ब्लाउजमागे चार तासांची बचत होते.

परंतु तो नमुना गठ्ठ्यात शोधण्यास दर वेळी १० मिनिटे लागत असतील तर ही बचत संपूर्णपणे नाहीशी होऊन उलट २ मिनिटांचा तोटा होतो. अशा वेळी अनुभवी स्त्री नमुना न शोधता सरळ कापडावर आखावयास बसते. पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो अत्यंत विवेकी निर्णय आहे. भांडवल असूनही ते हाताशी नसेल तर त्याचे फळ मिळत नाही. मांडणीला महत्त्व येते ते याच कारणाने.

मांडणी व जपणूक

कारखान्यात नमुने जाड पुठ्ठ्यावर कापून, भोक पाडून आकड्याला टांगलेले असतात. तेथे जागा असते आणि एकच नमुना हजारो नगांसाठी वापरला जातो. एक-दोन खोल्यांच्या घरात हे शक्य नसते. तेथे स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि शिवणयंत्र एकाच खोलीत नांदतात. कात्री चालविण्यासाठी रात्री जमीन मोकळी होण्याची वाट पाहावी लागते.

अशा घरात सर्वांत उपयुक्त ठरते ती साध्या लिफाफ्यांची पद्धत. एका कपड्याचे सर्व भाग एकाच लिफाफ्यात ठेवावेत आणि लिफाफ्यावर कपड्याचा प्रकार, छातीचे माप, भागांची संख्या व तारीख लिहावी. भागांची संख्या लिहिण्याचे कारण असे की, एक बाही हरवली तरी ते कापड कापल्यानंतर नव्हे, तर लिफाफा उघडताच कळते. तारखेचेही असेच. शरीर बदलते, बाळंतपणापूर्वीचा नमुना नंतर उपयोगी पडेलच असे नाही. प्रत्येक भागावर उभ्या धाग्याची दिशा दाखविणारा बाण आणि शिलाईची माया धरली आहे की नाही, ही नोंद असावी. ही शेवटची नोंद नसल्यास सहा महिन्यांनी स्वतःचाच नमुना स्वतःला कळेनासा होतो, आणि माया दोनदा धरली वा अजिबात धरली नाही तर गिऱ्हाइकाचे कापड वाया जाते. रेशमी साडीतील ब्लाउजचा तुकडा एकच असतो. तो बिघडला तर बाजारात दुसरा मिळत नाही, आणि नुकसानभरपाईत कित्येक दिवसांची शिलाई जाते.

लिफाफे गिऱ्हाइकाच्या नावाने लावावेत की कपड्याच्या प्रकाराने, यावर मतभेद आहेत. ओळखीच्या ठरावीक घरांचे काम असेल तर नाव सोयीचे पडते. शाळेचे गणवेश, परकर, नाइटी असे ठरावीक मापांचे काम असेल तर प्रकार व माप यांनुसार लावणे बरे. दोन्ही प्रकारचे काम असल्यास मापवहीत क्रमांक देऊन तोच क्रमांक लिफाफ्यावर घालावा. ग्रंथालयातील तालिकेचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

वारंवार लागणाऱ्या नमुन्याची एक मूळ प्रत जपून ठेवावी आणि कामासाठी दुसरी प्रत काढावी. मूळ प्रतीला घडी न घालता ती गुंडाळून ठेवणे चांगले, कारण घडीवर कागद फाटतो आणि मुंढ्याच्या वळणात थोडासा फरक पडला तरी बाही ओढली जाते.

चेन्नईच्या हवामानात या साध्या कागदाचे शत्रू पुष्कळ आहेत. समुद्रकाठची दमट हवा कागद मऊ करते. कसर आणि झुरळे खळीकडे आकर्षित होतात, म्हणून नमुन्याचे तुकडे पिठाच्या खळीने चिकटविणे टाळावे. भिंतीला लागून ठेवलेल्या पुठ्ठ्यांना वाळवी लागते. सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत उपयुक्त आहे. तथापि ओलावा कायम राहिला तर पाल्याचा फारसा लाभ होत नाही.

पूर आणि मदतीचे निकष

या शहराला वर्षातील पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. दिवाळी आणि पोंगल यांच्या मधला हाच काळ शिवणकामाच्या तेजीचा असतो. डिसेंबर २०१५ च्या आरंभी तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस झाला आणि अड्यार नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी शहरातील अनेक भाग पुन्हा पाण्याखाली गेले. त्या वेळी राज्य शासनाने बाधित कुटुंबांना ६,००० रुपयांचे साहाय्य दिले. भिजलेले यंत्र तेलपाणी करून बहुधा पुन्हा चालू होते. भिजलेला वर्तमानपत्राचा नमुना लगद्याप्रमाणे होतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांत हातमाग व हस्तकला कारागिरांना हत्यारे-साधनांच्या हानीसाठी ५,००० रुपये आणि कच्चा वा तयार माल गमावल्यास ५,००० रुपये अशी तरतूद करण्यात आली. घरी बसून ब्लाउज शिवणारी स्त्री हस्तकलेच्या व्याख्येत सहज बसत नाही. बसली असे मानले तरी तिचा नमुन्यांचा गठ्ठा साधन की माल, याचे उत्तर पंचनामा करणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ नसते. दर्जी हा व्यवसाय प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत समाविष्ट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज देऊ केले आहे. तामिळनाडू शासनाने मात्र २०२४ मध्ये, ही योजना कौटुंबिक परंपरागत व्यवसायाशी जोडलेली असल्याचा आक्षेप घेऊन, ती आहे त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला आणि २०२५ मध्ये कारागिरांसाठी स्वतंत्र योजना सुरू केली. केंद्र-राज्य संबंधांच्या अभ्यासासाठीही हे उदाहरण उपयुक्त आहे.

नमुना कोणाच्या हाती?

चेन्नईच्या गोडाऊन स्ट्रीटवर कापडाची घाऊक पेठ आहे आणि जुन्या वॉशरमनपेटचा एम. सी. रोड तयार कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. नगावारी कामात व्यापारी बहुधा कापलेले तुकडेच घरी देतो. नमुना आणि कापणी त्याच्या हातात राहते, स्त्रीकडे केवळ जोडणी उरते. बेतण्याचे कसब वापरात न राहिल्यामुळे तिची सौदाशक्ती घटते आणि नगाचा दर व्यापारीच ठरवितो.

कायद्यातही हाच भेद उमटलेला आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गृहाधारित कामगार' म्हणजे मालकासाठी, मालकाच्या कामाच्या जागेबाहेर, स्वतःच्या घरी वा पसंतीच्या जागी मोबदला घेऊन वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. साधने कोणी पुरविली हे गौण मानले आहे. स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःचे नमुने वापरणारी स्त्री स्वयंरोजगारी ठरते. एकच स्त्री सकाळी एका वर्गात आणि संध्याकाळी दुसऱ्या वर्गात असू शकते. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा करार क्रमांक १७७ स्वीकारला. त्यासाठी इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेने मोठा पाठपुरावा केला होता. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.

तामिळनाडूत शालेय विद्यार्थ्यांच्या मोफत गणवेशांची शिलाई महिलांच्या शिवणकाम सहकारी संस्थांकडे सोपविण्यात आली. व्यापाऱ्यावरील अवलंबन त्यामुळे कमी होते. गणवेशाची मापे मात्र तेथेही वरूनच ठरतात. घरातील लिफाफ्यांत जपलेले नमुने हेच अशा स्त्रीचे स्वतंत्र गिऱ्हाईक टिकविण्याचे साधन उरते. त्यांची हानी टाळण्याचा आज सर्वांत स्वस्त उपाय भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यात आहे. प्रत्येक भाग जमिनीवर सपाट पसरावा, शेजारी इंचपट्टी ठेवावी, कॅमेरा बरोबर वरून धरावा आणि लिफाफ्यावरील क्रमांक चित्रात येईल असे पाहावे. इंचपट्टीशिवाय घेतलेल्या छायाचित्रावरून केवळ आकार कळतो, माप परत मिळविता येत नाही. हे काम सप्टेंबर संपण्यापूर्वी उरकावे आणि लिफाफ्यांची पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर चढवावी.