मीटर कोणाचं, ते आधी विचार

डोंबिवली

चि. सोनू,

दिव्यातली खोली तुला आवडली आणि एजंट म्हणतो, ‘चार्जिंगची सोय आहे’, हे ताईकडून कळलं. अजून टोकन देऊ नकोस. महाप्याच्या नोकरीला शिळफाट्यावरून स्कूटरने जायचा तुझा बेत मला पूर्ण पटलाय. दिव्याच्या फलाटावर सकाळी काय हाल होतात ते मी रोज बघतो. पण सोय म्हणजे नक्की काय, ते स्वतः बघून ये.

चार्जिंगचा बोर्ड कोणाच्या मीटरवर आहे, हा पहिला प्रश्न. तुझ्या खोलीच्या मीटरवरून वायर खाली आणलेली असेल तर उत्तम. घरच्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. जिन्याच्या दिव्याच्या कॉमन मीटरवरून ओढली असेल, तर दोन महिन्यांत शेजारी भांडायला येतील, आणि त्यांचं बरोबर असेल. मालकाने सब-मीटर लावला असेल तर युनिटचा दर आधीच ठरव. तीन किलोवॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला साडेतीनेक युनिट लागतात. तुझं जाणं-येणं वीस-पंचवीस किलोमीटरचं, म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस युनिट. खर्च थोडाच, पण बिल शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, तो हिशेबात धर. दिव्यात वीजपुरवठा 2020 पासून टोरंट पॉवरकडे आहे. ताजं बिल मागून घे आणि त्यावरचा मीटर नंबर प्रत्यक्ष मीटरशी ताडून बघ.

मग इमारतीचे कागद. राज्याच्या 2021 च्या ई-वाहन धोरणाने नव्या निवासी प्रकल्पांत 20 टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवायला सांगितलं होतं. पण नकाशाच मंजूर नसलेल्या इमारतीत असं धोरण कोण पाळणार? दिव्यात अशा इमारती खूप आहेत. शीळ भागात 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पालिकेने इमारती पाडल्या, तेव्हा भाडेकरूही रस्त्यावर आले. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र माग. एजंट ‘आणून देतो’ म्हणाला तर दुसरी खोली बघ. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल, पैसे कमी पडले तर मी आहे.

दिवा खाडीकाठचा, सखल. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी किती चढतं ते एजंटला नको, तिथल्या वाण्याला विचार. बोर्ड त्या पातळीच्या वर हवा, आणि त्याला अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायरमन नेऊन तपासून घे, पैसे मी देईन.

बॅटरी काढून वर नेता येईल अशी गाडी घ्यायचंही तुझ्या मनात आहे म्हणे. एकेक बॅटरी दहा किलोच्या आसपास असते, आणि तिथे लिफ्ट नाही. त्याहून मोठी काळजी म्हणजे ती दाराजवळ किंवा जिन्यात चार्जिंगला लावशील. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होईल. खिडकीपाशी, फरशीवर, तू जागी असतानाच लाव. बॅटरी कंपनीच्या चार्जरशिवाय दुसऱ्या कशाला जोडू नकोस.

भाडेकरार नोंदणीकृतच कर. कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. त्यात पार्किंगची जागा, चार्जिंगची परवानगी आणि युनिटचा दर, तिन्ही लिहून घे. मसुदा आला की सही करण्याआधी मला व्हॉट्सॲपवर पाठव. रविवारी मी येतोच, आपण दोघं मालकाला भेटू.

तुझा,
मामा