‘हॅवॉक’ : एका आरोळीचा अर्थप्रवास

‘हॅवॉक’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत नासधूस, विध्वंस, हाहाकार असे प्रतिशब्द सर्रास योजले जातात. वृत्तपत्रीय वाक्यात ते भागतात. वादळाने किनाऱ्यावर ‘हॅवॉक’ केला म्हणजे दाणादाण उडवली, एवढाच तेथे आशय असतो. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये मात्र हे प्रतिशब्द लंगडे पडतात. तेथे हा शब्द विध्वंसाचे वर्णन करीत नाही. तो विध्वंसाला परवानगी देतो.

शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये असून तेथे त्याचा अर्थ लूट असा होता. मध्ययुगीन सैन्यात ही आरोळी उठली की शिस्तीचा अंमल संपला, आता ज्याने त्याने लुटावे, असा तो संकेत असे. १३८५ मध्ये स्कॉटलंडवरील मोहिमेसाठी दुसऱ्या रिचर्डने घालून दिलेल्या लष्करी नियमांत ही आरोळी ठोकणाऱ्यास शिरच्छेदाची शिक्षा सांगितली आहे. तिच्यामागे केवळ दयाबुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. लुटीसाठी पांगलेले सैन्य प्रतिहल्ल्यापुढे हतबल होते. आरोळी देण्याचा अधिकार कोणाचा, हाच खरा प्रश्न होता.

१५९९ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘ज्युलिअस सीझर’च्या तिसऱ्या अंकात, सीझरच्या प्रेतापाशी एकटा उरलेला अँटनी नेमका या अधिकाराचाच उच्चार करतो. सीझरचा सूडासाठी भटकणारा आत्मा राजाच्या वाणीने ही आरोळी देईल आणि युद्धाचे श्वान मोकळे सोडील, असे भाकीत तो करतो. सीझर राजा होईल या भीतीने त्याचा वध झाला. राजाची वाणी त्याला लाभते ती मृत्यूनंतर. ‘हाहाकार’ या प्रतिशब्दाने हा उपरोध पुसला जातो, कारण हाहाकार पीडितांच्या तोंडून उठतो आणि ‘हॅवॉक’ पीडा देणाऱ्यांच्या. दोन्ही मुळात आवाजच, पण दिशा उलट. ‘कोरिओलेनस’मधील मेनेनिअस लोकप्रतिनिधींना समजावतो तेव्हाही हाच भेद जागा आहे: मर्यादित अधिकाराने शिकार करावी तेथे ही आरोळी देऊ नका, असे तो सांगतो.

पुढे आरोळी मागे पडली आणि परिणाम तेवढा उरला. १६११ च्या इंग्रजी बायबलात शौलाने मंडळीचा केलेला छळ याच शब्दाने सांगितला आहे. तेथे कोणी ओरडत नाही. आज त्याच्याबरोबर येणाऱ्या ‘रीक’ या क्रियापदाचा जुना अर्थ सूड उगवणे असा होता. त्याचे भूतकाळी रूप ‘रीक्ड’ असताना अनेक जण ‘रॉट’ लिहितात, हे ओघाने नोंदवण्याजोगे. आता वादळ, उंदीर, संगणकातील विषाणू, कोणीही कर्ता चालतो. आज्ञा देणाराच नाहीसा झाला आहे.

मराठीत ‘हैदोस’ हा शब्द मोहरमच्या मिरवणुकीतील घोषापासून आल्याचे सांगितले जाते. घोषाचा गोंधळ होण्याची ही वाट परिचित वाटते, पण त्यात आज्ञा नाही. अधिक जवळचा आहे तो ‘कत्लेआम’. मार्च १७३९ मध्ये दिल्लीत नादिरशहाच्या हुकमाने कत्तल सुरू झाली आणि त्याच्याच हुकमाने थांबली. अर्थात या शब्दात लुटीपेक्षा हत्या ठळक आहे, आणि आरोळीचा तडाखा नाही. अँटनीच्या भाषणाच्या अनुवादकाला म्हणून एका नामाचा आग्रह सोडून ‘लुटा, मारा’ अशी आज्ञार्थी क्रियापदेच योजणे अधिक सोयीचे; साखळीतून सुटणाऱ्या कुत्र्यांची प्रतिमाही मग त्या आज्ञेला सरळ जोडली जाते.