सुनेचे इन्सुलिन आणि आपण वडीलधारे

परवा आरतीनंतर एका काकूंनी हळूच विचारले, "डॉक्टर, सुनेला दिवस गेलेत. लहानपणापासून इन्सुलिन घेते. बाळासाठी आता बंद करावे ना?"

नाही काकू, मुळीच नाही! इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. आईची वाढलेली साखर मात्र जाते. बाळाचे हृदय, मणका पहिल्या आठवड्यांतच घडतात. म्हणून ज्यांना मूल हवे आहे त्यांनी साखर आधीच आटोक्यात आणावी, एचबीएवनसी शक्यतो ६.५ च्या आत. १९२२ साली इन्सुलिन आले. त्याआधी अशा मुली क्वचितच आई होत.

बाळंतपणानंतर इन्सुलिनची गरज एकदम उतरते, अंगावर पाजताना साखर आणखी घसरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की आधी साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, ११२ ला फोन करा. डिंकाचा लाडू जरूर करा, पण तिला विचारून. संकष्टीचा आग्रह नको. बाप्पा रागावत नाहीत.

हेबामे, म्हणजे इथली सुईण, बारा आठवड्यांपर्यंत घरी येते, खर्च आरोग्य विम्यातून होतो. पण दुपारी दोन तास बाळ सांभाळून आईला झोपू द्यायला हॅम्बर्गमध्ये माहेर कुठून आणायचे? ज्या आजी-आजोबांना आठवड्यातून एक दुपार देता येईल, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव द्यावे, ही विनंती.