एडिसनहून विमानतळ निवडताना

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये उन्हाळा जवळ आला की मराठी घरांत आई-बाबांच्या तिकिटाची बोलणी सुरू होतात. शोधताना ‘न्यूयॉर्क’ टाकलं की न्यूअर्क, जेएफके आणि लग्वार्डिया एकाच यादीत येतात आणि नजर जाते ती स्वस्त आकड्याकडे. इतकी वर्षं ही ने-आण केल्यावर काही गोष्टी मी मनाशी पक्क्या केल्या आहेत.

1. हिशोब घराच्या दारापासून करा. एडिसनहून न्यूअर्क म्हणजे टर्नपाइक धरून सरळ उत्तरेला. राज्यसुद्धा ओलांडावं लागत नाही. जेएफकेला जायचं तर गोथल्स पूल, स्टेटन आयलंड, व्हेराझॅनो पूल आणि मग बेल्ट पार्कवे. दोन्ही पुलांवर टोल, आणि संध्याकाळी बेल्ट पार्कवेवर किती वेळ अडकाल याचा भरवसा नाही. हे सगळं तिकिटाच्या किमतीत मिळवा आणि मगच तुलना करा.

2. तरीही, वडीलधारी माणसं येणार असतील तर पहिला नियम बाजूला ठेवा. अमेरिकेत विमान पहिल्यांदा जिथे उतरतं, तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. शिकागोमार्गे न्यूअर्कचं तिकीट काढलं, तर सहसा बॅगा शिकागोतच पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. रात्रभराच्या प्रवासानंतर सत्तरीतल्या माणसांनी, लाडू-लोणच्यांनी भरलेल्या बॅगा ओढत पुढचं विमान गाठायचं, हे मला पटत नाही. थेट न्यूअर्क मिळालं तर उत्तमच. नाही तर मी जेएफकेला उतरणारं विमान घेते. पूल ओलांडायचा त्रास आपण सोसावा, त्यांनी का? अबू धाबीहून येणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन 2014 पासून तिथेच होतं, त्यामुळे ते जेएफकेला देशातल्या प्रवाशांसारखे बाहेर येतात. माझ्या मते ज्येष्ठांसाठी ही मोठी सोय आहे. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच मागून ठेवा.

3. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान, असं तिकीट घेऊच नका. नकाशावर जेएफके आणि लग्वार्डिया जवळ दिसतात, पण मधे क्वीन्सची वाहतूक आहे.

4. लग्वार्डियाला कस्टम्सची सोय नाही, आणि डेन्व्हर व शनिवारचा अपवाद सोडला तर 1500 मैलांपलीकडची उड्डाणंही नाहीत. भारताच्या तिकिटासाठी ते यादीतून काढून टाका.

5. पाठीवर एकच सॅक असलेल्या विद्यार्थ्याला न्यायला गाडी काढायची गरज नाही. एडिसन आणि मेट्रोपार्कच्याच रेल्वेमार्गावर न्यूअर्क विमानतळाचं स्टेशन आहे.

या उन्हाळ्याचं तिकीट काढण्यापूर्वी आई-बाबांना एक फोन करा. मधे किती वेळ बसवेल, किती चालवेल, ते त्यांनाच विचारा आणि मग किंमत बघा.