स्वल्पविरामाचा घोटाळा

तक्ता साध्या अक्षरांत लिहून ठेवण्याच्या एका रीतीस सीएसव्ही म्हणतात. तींत एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि दोन रकान्यांमध्यें स्वल्पविराम. तिचें जेसॉनमध्यें रूपांतर करावयास टर्मिनलवर चालणारी छोटी स्क्रिप्ट पुरते. परंतु तिनें दिसेल त्या स्वल्पविरामावर ओळ तोडली, तर ‘शनिवार पेठ, पुणें’ या पत्त्याचे दोन तुकडे होऊन ‘पुणें’ गुणांच्या रकान्यांत जाऊन बसतें! म्हणून असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा, असें २००५ सालच्या आरएफसी ४१८० या टिपणांत सांगितलें आहे. पायथन भाषेंतील तयार सीएसव्ही मॉड्यूल तीं चिन्हें जाणतें, तेंच योजावें. शेवटीं केवळ नोंदी मोजून थांबूं नये. प्रत्येक नोंदींतील रकानेहि मोजावे. एखाद्याचे गुण भलत्याच रकान्यांत गेले, तर दोष यंत्राचा नव्हे, आज्ञा लिहिणाराचा होय.